कल्याणच्या पादुका : एका चित्रातील कारागीर कुटुंब

बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांत, विशेषतः बसवकल्याणच्या परिसरातील मठांतून आणि चर्मकार समाजाच्या मंदिरांतून एक रंगीत चित्र पाहावयास मिळते. त्याच्या अनेक प्रती आहेत आणि प्रत्येक चित्रकाराने तपशिलात काही फेरफार केला आहे. परंतु मूळ प्रसंग एकच आहे. एक श्रमाने रापलेला पुरुष आणि त्याची पत्नी विनम्रपणे पुढे झाली आहेत. त्यांनी आणलेले पायताण राजमंत्र्याच्या वेषातील एका तेजस्वी पुरुषाने पायात घातलेले नाही, तर दोन्ही हातांनी मस्तकावर धरले आहे. तो पुरुष म्हणजे महात्मा बसवेश्वर, आणि ते दांपत्य म्हणजे शरण हरळय्या व त्याची पत्नी कल्याणम्मा.

आपल्या देशात पादुकांची चित्रे थोडी नाहीत. सिंहासनावर रामाच्या पादुका स्थापन करणारा भरत, गुरुपादुकांवर फुले वाहणारा शिष्य, पालखीतील संतपादुका, ही दृश्ये मराठी माणसाच्या घरात पिढ्यान्पिढ्या भिंतीवर राहिली आहेत. त्या सर्व चित्रांत पादुका कोणाच्या हे ठळकपणे दिसते. त्या कोणी घडविल्या हे दिसत नाही. वाल्मीकी रामायणात भरताने मागून घेतलेल्या पादुका सोन्याने शोभविलेल्या असल्याचे सांगितले आहे, मात्र त्या घडविणाऱ्या हातांचे नाव तेथे नाही. हरळय्याच्या चित्राचे वेगळेपण नेमके येथे आहे. या चित्रात पादुकांचा कर्ता आपल्या कुटुंबासह मध्यभागी उभा आहे. हे स्थान त्याला कसे मिळाले आणि त्यासाठी त्याला कोणते मोल द्यावे लागले, हे समजून घेण्यासाठी बाराव्या शतकातील कल्याण नगरीकडे वळावे लागते.

बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण हे एके काळी चालुक्य सम्राटांचे कल्याण होते. अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराच्या कारकीर्दीत ते राजधानीचे नगर झाले. सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६–११२६) याच्या काळात त्याचे वैभव कळसास पोहोचले. पुढे ११५७ च्या सुमारास कलचुरी बिज्जळाने सत्ता हस्तगत केली आणि चालुक्यांचे कल्याण त्याच्या हाती गेले. त्यानंतर बहमनी, बरीदशाही व निजामशाही अशा अनेक राजवटी या भूमीने पाहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बिदर व गुलबर्गा हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी झाले. मात्र भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. म्हणूनच कल्याणचा इतिहास हा मराठी कुटुंबांनाही परका नाही.

पादुकेचा विचार करताना प्रथम दोन शब्द ध्यानात घ्यावे लागतात. कन्नडमध्ये पादुकेला ‘हावुगे’ म्हणतात, आणि हा शब्द उच्चारताच लाकडी खडावा डोळ्यांसमोर येतात. हरळय्याने केलेल्या पायताणाला मात्र परंपरा ‘चम्मावुगे’ म्हणते. चम्म म्हणजे चर्म. चर्म आणि पादुका यांचा संयोग त्या एका शब्दात झाला आहे. वरवर पाहता हा साधा सामासिक शब्द वाटेल. परंतु ज्या समाजव्यवस्थेत लाकडी पादुकेला देवघरात जागा होती आणि चामड्याच्या जोड्याला उंबरठ्याबाहेर, तेथे हे दोन शब्द एकत्र येणे ही लहान गोष्ट नव्हती.

खडावा घडविणे हे सुताराचे काम. साग, शिसव किंवा चंदन यांसारख्या लाकडाचा ठोकळा घ्यावयाचा, वाकसाने व पटाशीने त्याला तळपायाचा आकार द्यावयाचा, खालच्या बाजूस दोन आडव्या उंचवट्या राखून मधला भाग कोरून काढावयाचा, आणि पुढच्या टोकाला भोक पाडून त्यात स्वतंत्र घडविलेली खुंटी घट्ट बसवावयाची. अंगठा व शेजारचे बोट यांच्या चिमटीत ती खुंटी धरून चालावे लागते. खुंटी जराशी जाड झाली तर बोटे दुखतात, बारीक झाली तर खडाव निसटते. तेव्हा माप चुकविणाऱ्या सुताराचे काम येथे उघडे पडते. यती, ब्रह्मचारी, पूजक आणि सोवळ्यातील गृहस्थ यांच्या पायी खडावा असण्याचे कारणही उघड आहे. लाकूड धुतले की शुद्ध होते, त्यात जीवहिंसेचा संबंध नाही, आणि मृत जनावराचे कातडे अंगाला लागत नाही. चामड्यापासून दूर राहण्याच्या या नियमानेच लाकडी पादुकेला तिचे पावित्र्य दिले.

या नियमात एक विसंगती आहे, ती जुन्या मंडळींनाही अपरिचित नव्हती. मृगाजिन हे कातडेच, तरी ते आसन म्हणून पवित्र. मंदिरातील मृदंग, पखवाज, चौघडा यांच्या तोंडावर कातडेच ताणलेले असते, आणि त्यांच्या नादाखेरीज आरती पुरी होत नाही. कातडे देवापुढे येऊ शकत होते. ते कमावणारा माणूस मात्र येऊ शकत नव्हता. बारा बलुतेदारांत सुतारही होता आणि चांभारही होता, दोघांच्या कष्टावर गाव चालत होते, सुगीला दोघांचे बलुते खळ्यावर मोजले जात होते. पण देवळाचा रथ दुरुस्त करणारा सुतार आणि विहिरीची मोट शिवणारा चांभार यांच्या मंदिरापासूनच्या अंतरात फार मोठा फरक होता.

आता कल्याणच्या राजवाड्यात डोकावावे. तिसरा सोमेश्वर या चालुक्य राजाने शके १०५१ म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती आणि शंभर अध्याय असा त्याचा विस्तार आहे. त्यातील गीतात आढळणाऱ्या जुन्या मराठीच्या खुणांमुळे मराठी भाषेच्या इतिहासातही या ग्रंथाचा उल्लेख होतो. त्याच्या तिसऱ्या विंशतीत राजाच्या उपभोगांचे वर्णन आले आहे. गृह, स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्र, माला, भूषणे यांच्या पंक्तीत ‘पादुकाभोग’ नावाचा स्वतंत्र विषय आहे. राजाच्या पायीची पादुका ही केवळ काटेकुटे चुकविण्याची वस्तू नव्हती. ती वैभवाचे एक अंग होती आणि राजाने स्वतः ग्रंथात नोंद करावी इतक्या योग्यतेची होती. याच विंशतीत भित्तिचित्रांचीही चर्चा आहे. आरशातील प्रतिबिंबासारखे हुबेहूब ते ‘विद्ध’, मनात स्फुरलेल्या आकारावरून काढलेले ते ‘अविद्ध’, पाहताक्षणी शृंगारादी भाव प्रकट करणारे ते ‘भावचित्र’, आणि यांखेरीज रसचित्र व धूलिचित्र, असे भेद तेथे सांगितले आहेत. म्हणजे पादुका आणि चित्रकला या दोहोंचा विचार कल्याणच्या राजसभेत एकाच ग्रंथात झाला होता. परंतु पादुका घडविणाऱ्या कुटुंबाचे चित्र काढावे, ही कल्पना त्या राजसभेची नव्हती. उपभोगाच्या शास्त्रात उपभोक्ता असतो. कारागीर त्याच्या मागे, अदृश्य असतो.

राजवाड्याच्या या ग्रंथाआधी थोड्याच वर्षांपूर्वी त्याच नगरात आणखी एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला गेला होता. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्य स्मृतीवरील टीका सहाव्या विक्रमादित्याच्या काळातली. तिच्या अखेरीस विज्ञानेश्वराने कल्याण नगरीचे आणि विक्रमादित्याचे मुक्तकंठाने गुणगान केले आहे. वारसा आणि अविभक्त कुटुंब यांविषयीचे मिताक्षरेचे नियम महाराष्ट्र व कर्नाटकासह देशाच्या मोठ्या भागात आठ शतकांहून अधिक काळ प्रमाण मानले गेले. ज्या स्मृतीवर ही टीका आहे त्या स्मृतीत वर्णव्यवस्थेला धरूनच विवाहाचा विचार आहे, आणि उच्च वर्णाच्या कन्येचा खालच्या मानलेल्या वर्णातील पुरुषाशी होणारा प्रतिलोम संबंध निंद्य ठरविलेला आहे. हा ग्रंथ सिद्ध झाल्यानंतर अर्धशतकाच्या आसपास, त्याच कल्याणात, नेमका तोच नियम मोडला गेला असे परंपरा सांगते; आणि तो मोडणाऱ्यांत हरळय्याचे कुटुंब होते.

बसवेश्वर हे बिज्जळाच्या दरबारात कोषाधिकारी होते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांच्या मेळाव्यात मडिवाळ माचिदेव हा धोबी, अंबिगर चौडय्या हा नावाडी, डोहर कक्कय्या हा कातडी कमावणारा, सांडलेले तांदूळ वेचून दासोह चालविणारे आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे दांपत्य, अशी निरनिराळ्या व्यवसायांची माणसे होती. ‘कायक’ म्हणजे प्रामाणिक श्रम हीच उपासना आणि ‘दासोह’ म्हणजे त्या श्रमाचे फळ वाटून घेणे, ही त्यांची शिकवण. या मेळाव्यात व्यवसाय लपविण्याची वस्तू राहिली नाही, तर तो नावापुढे अभिमानाने लावण्याची वस्तू झाली. डोहर कक्कय्याला आपला मूळ पुरुष मानणारा समाज आजही महाराष्ट्रात आहे, आणि मुंबईच्या धारावीत त्याच्या नावाचा रस्ता आहे.

हरळय्याची कथा अशी सांगितली जाते. एके दिवशी मार्गात बसवेश्वरांची भेट होताच हरळय्याने ‘शरणु’ म्हणून वंदन केले. बसवेश्वरांनी ‘शरणु शरणार्थी’ असे प्रतिवंदन केले. आपण एकदा वंदन केले आणि महापुरुषाने दोनदा. या एका वंदनाचे ऋण कसे फेडावे, या चिंतेने हरळय्या घरी आला. पतिपत्नींनी विचार केला आणि आपापल्या मांडीचे कातडे काढून, कमावून, बसवेश्वरांसाठी पायताण शिवले. बसवेश्वरांनी ते मस्तकावर घेतले. हे पायात घालण्याची योग्यता केवळ परमेश्वराची, असे म्हणून त्यांनी ते परत केले. परतीच्या वाटेवर मधुवरस नावाच्या ब्राह्मण मंत्र्याने ते हट्टाने पायात घातले, तेव्हा त्याच्या अंगाचा दाह झाला. हरळय्याच्या घरच्या पाण्याने तो दाह शमला आणि मधुवरसही शरण झाला. पुढे मधुवरसाची कन्या आणि हरळय्याचा पुत्र शीलवंत यांचा विवाह झाला. तो वर्णधर्माचा भंग ठरला आणि हरळय्या व मधुवरस यांना देहान्त शासन झाले. हत्तीच्या पायी बांधून त्यांना नगरातून फरपटत नेले. त्यातून उसळलेल्या क्षोभात बिज्जळाचा वध झाला, शरण पांगले आणि कल्याणचे ते पर्व ११६७ च्या सुमारास संपले.

कथा आणि इतिहास यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून येथे साधनांचा क्रम पाहणे इष्ट ठरते. अर्जुनवाड येथील १२६० चा शिलालेख बसवेश्वरांच्या घराण्याचा निर्देश करतो. तेराव्या शतकातील पाल्कुरिकी सोमनाथाच्या तेलुगू ‘बसवपुराणा’त दोन भक्तांचे डोळे बिज्जळाने काढविले आणि त्यामुळे जगदेवाने त्याचा वध केला, अशी हकीकत येते. भीमकवीचे कन्नड ‘बसवपुराण’ १३६९ मधील आहे. आंतरवर्णीय विवाहाचा तपशील पुढील पुराणांतून विस्ताराने आला. तेव्हा विवाहप्रसंगाचा प्रत्येक तपशील समकालीन पुराव्यावर उभा नाही. पण एक चर्मकार भक्त आणि एक ब्राह्मण भक्त यांना एकत्र शिक्षा झाली, ही स्मृती मात्र जुनी आहे आणि तीत सातत्य आहे. लोकांनी शतकानुशतके ती जपली, हाही इतिहासाचाच भाग मानला पाहिजे. विसाव्या शतकात पी. लंकेश यांचे ‘संक्रांति’, एच. एस. शिवप्रकाश यांचे ‘महाचैत्र’ आणि गिरीश कार्नाड यांचे ‘तलेदंड’ ही कन्नड नाटके याच घटनांकडे पुन्हा वळली, यावरून त्या प्रश्नाची धार बोथट झालेली नाही हे दिसते.

याच प्रदेशातील दुसरे पादुकास्थान मराठी भाविकांच्या अधिक परिचयाचे आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील अफजलपूर तालुक्यात, भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळ गाणगापूर वसले आहे. श्री नृसिंह सरस्वतींनी येथून प्रस्थान ठेवताना भक्तांसाठी ‘निर्गुण पादुका’ मागे ठेवल्या, अशी श्रद्धा आहे. औदुंबरच्या ‘विमल’ आणि नरसोबाच्या वाडीच्या ‘मनोहर’ पादुकांसह त्या दत्तसंप्रदायात पूज्य आहेत. निर्गुण पादुकांवर पाण्याचा अभिषेक होत नाही. केशर व अष्टगंध यांचा लेप दिला जातो आणि त्या संपुष्टात ठेवल्या जातात. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त या क्षेत्राच्या ज्या कथा आहेत, त्यांतील दोन येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. गुरूंची निष्ठेने सेवा करणारा एक रजक पुढील जन्मी वैदुरा नगरीचा, म्हणजे बिदरचा, यवन राजा होतो, अशी एक कथा. दुसरी कथा पतिताच्या मुखातून वेद वदविल्याची. मदांध झालेल्या दोन विद्वानांचा गर्व उतरविण्यासाठी गुरूंनी एका पतिताकडून वेदपठण करविले; पण अंगावरील भस्म धुतले जाताच त्याची ती विद्या गेली आणि तो आपल्या बायकामुलांकडे परत गेला.

या दोन कथा आणि हरळय्याची कथा एकमेकींशेजारी ठेवल्या की एकाच भूमीतील दोन वाटा स्पष्ट दिसतात. गाणगापूरच्या कथेत गुरुकृपेने मर्यादा क्षणभर दूर होते आणि पुन्हा जागेवर येते; रजकाला राजपद मिळते, पण ते पुढच्या जन्मी. कल्याणच्या कथेत मर्यादा याच जन्मी ओलांडली जाते आणि तिचे मोल देहाने द्यावे लागते. पादुका दोन्हीकडे आहेत. एकीकडे त्या गुरूच्या पायाखालून भक्ताच्या मस्तकी येतात. दुसरीकडे त्या कारागिराच्या हातून गुरूच्या मस्तकी जातात. दिशा उलट झाली आहे. चित्रकाराने नेमका तोच क्षण निवडला, यात त्याची मर्मदृष्टी आहे.

कारागिरांची चित्रे आपल्याकडे आणखीही काढली गेली. कंपनी सरकारच्या काळात तंजावर आदी ठिकाणच्या चितार्‍यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी निरनिराळ्या जातींची व धंद्यांची चित्रे तयार केली. त्यांत नवरा-बायको अशी जोडी, हाती धंद्याचे हत्यार, आणि खाली जातीचे नाव, असा साचा असे. १८७० च्या सुमारास जॉन लॉकवुड किपलिंग यांनीही कारागिरांची बारकाईने रेखाटने केली. ती चित्रे माहितीच्या दृष्टीने मोलाची आहेत. परंतु अशा चित्रांत माणूस हा धंद्याचा नमुना म्हणून येतो, त्याचे स्वतःचे नाव बहुधा नसते. हरळय्याच्या चित्रातील जोडपेही नवरा-बायकोच आहे, त्याचाही धंदा दिसतो, पण त्याला नाव आहे, कथा आहे आणि त्याच्यापुढे मान लवविणारा मंत्री आहे. त्याचा खरा चेहरा कोणी पाहिलेला नाही, तेव्हा मानसोल्लासाच्या परिभाषेत हे ‘विद्ध’ चित्र होऊ शकत नाही. त्यात प्रतिबिंब नाही, स्फुरण आहे. आणि पाहणाऱ्याच्या मनात जो भाव उमटतो त्यावरच त्याचे यश अवलंबून आहे.

अशी चित्रे घरोघर पोहोचली ती छापखान्यांमुळे. राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९४ पासून देवादिकांची चित्रे सामान्यांच्या भिंतीवर आणली. पुढे दिनदर्शिकांच्या चित्रांनी ती परंपरा वाढविली. या क्षेत्रात कलबुर्गीचे सुपुत्र एस. एम. पंडित (१९१६–१९९३) यांनी मुंबईत राहून चित्रपटांच्या जाहिराती आणि पौराणिक विषयांवरील दिनदर्शिका-चित्रे यांतून मोठे नाव मिळविले. कलबुर्गीतील रंगमंदिर आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. या छापील परंपरेमुळे ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्यांच्याही घरात देव आणि संत पोहोचले. हरळय्याच्या चित्राला हा मार्ग फार उपयोगी पडला, कारण त्याच्या वंशजांना मंदिराचा दरवाजा सहजासहजी उघडला नव्हता. पंढरपूरचे श्रीविठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. हरळय्या आणि हा अनुच्छेद यांच्यामध्ये जवळजवळ आठ शतकांचे अंतर आहे.

‘महाजन’ हा शब्द चालुक्यकालीन शिलालेखांत वारंवार येतो. अग्रहाराची जमीन, देवाची दाने आणि धर्मकृत्ये यांची जबाबदारी वाहणारी ती ब्राह्मणांची सभा होती. शिलालेखांमुळे दाता कोण, दान किती, साक्षीला कोण, हे शेकडो वर्षांनीही कळते. देवस्थानांच्या महाजन घराण्यांनी ती नोंद ठेवण्याची शिस्त पुढे चालविली, आणि स्मरणिका हे तिचेच आजचे रूप होय. त्या नोंदींत पालखीचा दांडा कोणी दिला हे सापडते. तो कोणी घडविला हे क्वचित सापडते. खडावांचे लाकूड कोरणारा, रथाची चाके बसविणारा, मृदंगाला पुडी चढविणारा, चौघड्याचे कातडे ताणणारा, यांच्या पिढ्याही देवाच्या सेवेतच गेल्या. त्यांची नावे जुन्या माणसांच्या आठवणीत अजून कोठे कोठे शिल्लक आहेत. ती विचारून घेण्यास आणि दात्यांच्या नावांशेजारी लिहून ठेवण्यास फार खर्च येत नाही. ती माणसे गेल्यावर मात्र कोणत्याही खर्चाने ती मिळणार नाहीत.

बसवकल्याणात हरळय्याची गवी आजही दाखविली जाते. सोमेश्वराच्या पादुकांचे सुख ग्रंथात राहिले, विज्ञानेश्वराचे नियम न्यायालयांत राहिले. हरळय्याजवळ ना ग्रंथ होता ना शासन. त्याचे नाव लोकांनी राखले आणि चित्रकाराने त्याला रूप दिले. त्या चित्रात बसवेश्वरांच्या मस्तकावरील पायताण सर्वप्रथम नजरेत भरते. त्यानंतर दृष्टी खाली उतरते आणि ते शिवणाऱ्या दोघांवर स्थिरावते. पादुकेस वंदन करणाऱ्याने तिच्या कर्त्यासही वंदन करावे, एवढेच त्या चित्राचे सांगणे आहे.